पाठीचे दुखणे आणि पाहण्याची साधना

सिंधुदुर्ग जिल्ह्यात कष्टाची कामे बहुतेक पाठीवरच येऊन पडतात. जांभ्याच्या खाणीतून चिरे उचलून ट्रकमध्ये रचणारा मजूर, काजूच्या कारखान्यात दिवसभर एका बैठकीत बिया सोलणारी स्त्री, वाळूवरून होडी ओढून आणणारा माणूस, विळीवर वाकून नारळ खवणारी गृहिणी, या सर्वांची पाठ वयाआधी थकते. मालवण, कुडाळ, कणकवली, सावंतवाडी येथील बाजारपेठांत पिढ्यान्‌पिढ्या पेढी सांभाळणाऱ्या व्यापारी कुटुंबांची कथा वरकरणी वेगळी दिसते, परंतु शेवट तोच होतो. तरुणपणी तांदळाची पोती स्वतः उतरवून घ्यायची, पुढे गादीवर मांडी घालून दहा-बारा तास हिशेब पाहायचा, मालासाठी महिन्यातून दोनदा घाट चढायचा. पन्नाशीच्या सुमारास कंबर बोलू लागते आणि मग ती गप्प बसत नाही.

आरंभी बाम, मग शेक, मग पट्टा, मग गोळी, मग एमआरआयचा लिफाफा घेऊन कोल्हापूर, पणजी किंवा मुंबई, असा हा प्रवास बहुतेक घरांना परिचित आहे. ज्यांना शस्त्रक्रियेची गरज नाही आणि औषधाने पूर्ण आरामही नाही, अशा रुग्णांची संख्या यात फार मोठी असते. त्यांच्यासाठी गेल्या चार-पाच दशकांत जो एक मार्ग वैद्यकशास्त्राने गांभीर्याने तपासून पाहिला, तो म्हणजे सजगतेचे ध्यान. इंग्रजीत त्यास ‘माइंडफुलनेस’ म्हणतात. जैन वाचकाला हे नाव नवे वाटेल. त्यातील क्रिया मात्र नवी नाही.

दुखणे जुने होते तेव्हा

कंबरेचे दुखणे तीन महिन्यांहून अधिक काळ टिकले म्हणजे त्याला दीर्घकालीन म्हणण्याचा वैद्यकीय संकेत आहे. २०२० साली जगातील सुमारे ६२ कोटी लोकांना कंबरदुखी होती, असा अंदाज ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आहे. यांपैकी बहुसंख्य रुग्णांत दुखण्याचे एकच एक नेमके कारण बोट ठेवून दाखवता येत नाही. मणक्यांमधील चकती सरकली, असे चित्रात दिसले म्हणजे कारण सापडले असे आपण मानतो. परंतु १९९४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने या समजुतीला धक्का दिला. पाठदुखी अजिबात नसलेल्या ९८ व्यक्तींचे एमआरआय काढले असता, सर्व चकत्या निर्दोष असलेल्या व्यक्ती केवळ ३६ टक्के निघाल्या. म्हणजे चकतीत बदल असूनही माणूस सुखाने वावरू शकतो. वयानुसार केस पिकावेत तसेच हे बरेचसे बदल असतात.

मग दुखते कशामुळे? ताजी जखम असते तेव्हा वेदना ही पहारेकऱ्याची हाक असते. जखम भरून आल्यावरही काहींच्या मज्जासंस्थेत तो पहारेकरी जागाच राहतो आणि साध्या हालचालीलाही ओरडू लागतो. अशा वेळी वेदना खोटी नसते, ती पूर्ण खरी असते. पण ती आता केवळ मणक्याची राहिलेली नसते. भीती, झोपमोड, धंद्याची काळजी, ‘आता आपण कायमचे अधू होणार’ हा विचार, या सर्वांचा त्यात वाटा असतो. दुखेल या भीतीने माणूस हालचाल टाळतो, हालचाल टाळल्याने स्नायू दुबळे होतात, दुबळ्या स्नायूंमुळे अधिक दुखते. मुद्दल फिटले तरी व्याजावर व्याज चढत राहावे, असा हा प्रकार आहे.

ध्यानाचा उपयोग या व्याजावर होतो. मुद्दलावर, म्हणजे मणक्यावर, त्याचा थेट परिणाम होतो असा दावा कोणी जाणता शिक्षक करत नाही.

एका व्यापाऱ्याची डोकेदुखी

महाराष्ट्रात ध्यान आणि शारीरिक वेदना यांचा संबंध ज्यांच्या जीवनातून सर्वाधिक ठळकपणे पुढे आला, ते सत्यनारायण गोयंका स्वतः व्यापारी होते. १९२४ साली ब्रह्मदेशातील मंडाले येथे एका मारवाडी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. तरुण वयातच रंगूनच्या उद्योगजगतात त्यांनी नाव मिळवले आणि त्याच काळात अर्धशिशीने त्यांना ग्रासले. झटका आला की मॉर्फिनचे इंजेक्शन घ्यावे लागे. पुढे या औषधाचेच व्यसन लागेल, या भयाने त्यांनी युरोप, अमेरिका व जपानमधील डॉक्टरांना प्रकृती दाखवली. उपयोग झाला नाही.

एका स्नेह्याने त्यांना सयाजी ऊ बा खिन यांचे नाव सुचवले. ऊ बा खिन हे संन्यासी नव्हते. स्वतंत्र ब्रह्मदेशाचे ते महालेखापाल होते, म्हणजे दिवसभर सरकारी हिशेब तपासणारे गृहस्थ होते, आणि रंगूनमध्ये विपश्यनेचे केंद्र चालवत होते. गोयंकांनी आपली डोकेदुखी सांगितली, तेव्हा त्यांनी प्रवेश देण्यास नकार दिला. केवळ डोकेदुखी घालवण्यासाठी ही विद्या वापरणे म्हणजे तिचे मोल कमी करणे होय, असा त्यांचा आशय होता. मनाचे विकार दूर करण्यासाठी यायचे असेल तर यावे. शरीराचा आराम वाटेत आपोआप मिळाला तर मिळेल. सनातनी घरात वाढलेल्या गोयंकांना दुसऱ्या परंपरेचा मार्ग धरण्याविषयीही मनात शंका होती. अखेरीस १९५५ साली ते पहिल्या दहा दिवसांच्या शिबिराला बसले. अर्धशिशी आटोक्यात आली, आणि त्याहून मोठे म्हणजे जीवनाची दिशा पालटली.

१९६९ च्या जुलैमध्ये त्यांनी भारतातील पहिले शिबिर मुंबईत घेतले. १९७६ पासून इगतपुरी येथे धम्मगिरी हे केंद्र उभे राहिले. २०१३ साली त्यांचे निधन झाले, तोवर ही साधना जगभर पोहोचली होती. सिंधुदुर्गच्या साधकाला इगतपुरी दूर वाटल्यास घाट चढून गेल्यावर कोल्हापूर जिल्ह्यात हातकणंगले तालुक्यातील आळते येथे धम्मालय हे केंद्र आहे. बाहुबलीचे दर्शन घेण्यासाठी कुंभोजला जाणाऱ्या जैन कुटुंबांना हा परिसर अनोळखी नाही.

ऊ बा खिन यांचा नकार लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण पाठदुखीच्या प्रत्येक रुग्णासमोर तोच प्रश्न उभा राहतो. ‘इतके दिवस ध्यान केले, दुखणे किती कमी झाले?’ अशी रोज रोखवही मांडणारा साधक दर क्षणी पुन्हा वेदनेकडेच तक्रारीच्या नजरेने पाहत असतो. सौदा मनात ठेवून बसणाऱ्याला शांतता लाभणे कठीण जाते. जो केवळ पाहण्यासाठी बसतो, त्याचे आखडलेले स्नायू पुष्कळदा सैल होतात.

प्रयोगाच्या कसोटीवर

१९७९ साली अमेरिकेतील वुस्टर येथे, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जॉन कबाट-झिन या रेणुजीवशास्त्रज्ञाने असा एक वर्ग सुरू केला की, ज्यात इतर डॉक्टरांचे उपाय थकलेल्या रुग्णांना ध्यान शिकवले जाई. झेन व विपश्यना या परंपरांतून त्यांनी साधना घेतली. कर्मकांड व पंथाची नावे बाजूस ठेवली. श्वासावर अवधान, शरीराच्या एकेका भागाचे क्रमाने निरीक्षण आणि हलकी योगासने असा हा अभ्यास होता. १९८२ साली त्यांनी ५१ दीर्घकालीन वेदनाग्रस्त रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. दहा आठवड्यांच्या अभ्यासानंतर त्यांतील ६५ टक्के रुग्णांचा वेदनांक एक तृतीयांश किंवा त्याहून अधिक उतरला होता. तुलनेसाठी दुसरा गट नसल्याने हा पुरावा कच्चा होता. पण त्याने पुढील संशोधनाची वाट उघडली.

पक्की कसोटी २०१६ साली लागली. सिॲटल येथील संशोधकांनी दीर्घकालीन कंबरदुखीच्या ३४२ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले. एकाला सजगतेचे ध्यान, दुसऱ्याला विचार व वर्तन बदलण्याची मानसोपचार पद्धती, तिसऱ्याला नेहमीचेच उपचार. सहा महिन्यांनी दैनंदिन हालचालींत लक्षणीय सुधारणा झालेल्यांचे प्रमाण ध्यानाच्या गटात सुमारे ६१ टक्के, मानसोपचाराच्या गटात ५८ टक्के आणि नेहमीच्या उपचारांच्या गटात ४४ टक्के होते. हिशेबी वाचकाच्या ध्यानात येईल की, काही विशेष न करताही ४४ टक्के लोक सुधारले. म्हणून ध्यानाचे श्रेय ६१ टक्के धरू नये, दोहोंतील फरकाएवढेच धरावे. तो फरक मध्यम आहे, तरी खरा आहे. पुढल्याच वर्षी अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेने दीर्घकालीन कंबरदुखीत औषधांच्या आधी जे उपाय करून पाहावेत असे सांगितले, त्यांत व्यायाम, योग यांच्यासमवेत या ध्यानाचाही समावेश केला.

दुसरी बाजूही तितकीच सांगितली पाहिजे. सिॲटलच्या रुग्णांचा दोन वर्षांनी पुन्हा मागोवा घेतला तेव्हा ध्यानगटाचा लाभ ओसरलेला होता. २०१६ सालीच प्रसिद्ध झालेल्या, ६५ व त्यापुढील वयाच्या २८२ व्यक्तींवरील दुसऱ्या अभ्यासात आठ आठवड्यांनी हालचाल सुधारली, परंतु सहा महिन्यांनी तो फरक टिकला नाही. आठ आठवड्यांच्या वर्गाची ठेव आयुष्यभर पुरत नाही, असेच यातून दिसते. नित्यनियमाचे मोल ज्या समाजाला बालपणापासून शिकवले जाते, त्या समाजाला हा निष्कर्ष अनपेक्षित वाटू नये.

परंपरेच्या तिजोरीतील ठेव

जैन साधनेत या विषयाचे विवेचन विस्मयकारक सूक्ष्मतेने आले आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात आर्तध्यानाचे चार प्रकार सांगितले आहेत. अप्रियाचा संयोग, प्रियाचा वियोग आणि भोगाची लालसा यांच्यासमवेत वेदनेचे सतत चिंतन हाही त्यांतील एक. वेदना होणे म्हणजे आर्तध्यान नव्हे. ती असातावेदनीय कर्माच्या उदयाने येते आणि थोरामोठ्यांनाही सोडत नाही. ‘हे कधी जाईल, मलाच का झाले, उद्या दुकानात बसता येईल का’ असे तिच्याभोवती जे अखंड घुटमळणे चालते, ते आर्तध्यान. वुस्टर आणि सिॲटलच्या वर्गांत रुग्णाला नेमका हाच भेद ओळखायला शिकवले जाते, फक्त शब्द निराळे असतात. त्याच अध्यायात बावीस परीषहांमध्ये रोगही गणला आहे, आणि समभावाने सहन करण्याला निर्जरेचे साधन मानले आहे.

सहा आवश्यकांपैकी कायोत्सर्ग तर या संदर्भात मुद्दाम आठवावा असा आहे. देहाविषयीचे ममत्व काही काळ सोडून स्थिर राहणे हे त्याचे स्वरूप. प्रतिक्रमणात तो लोगस्साच्या गणतीने आणि श्वासांच्या मापाने केला जातो. सवयीमुळे मात्र श्वास मागे पडतो आणि गणतीच तेवढी उरते. बाहुबलींच्या मूर्तीमुळे कायोत्सर्ग म्हणजे ताठ उभे राहणे, अशी समजूत रूढ झाली आहे. परंपरेने तो उभ्याने, बसून आणि आडवे होऊनही मान्य केला आहे. मांडी घालता येत नाही म्हणून सामायिक सुटले, अशी खंत बाळगणाऱ्या वृद्धांनी आपल्या गुरुमहाराजांना याविषयी अवश्य विचारावे.

विसाव्या शतकात तेरापंथाचे आचार्य तुलसी यांच्या प्रेरणेने मुनी नथमल, म्हणजेच पुढचे आचार्य महाप्रज्ञ, यांनी या विखुरलेल्या सूत्रांना एक क्रमबद्ध पद्धती दिली. १९७५ साली तिचे ‘प्रेक्षाध्यान’ असे नामकरण झाले. प्रेक्षा म्हणजे खोलवर पाहणे. कायोत्सर्ग, श्वासप्रेक्षा, शरीरप्रेक्षा, अनुप्रेक्षा अशी तिची अंगे आहेत. शरीरप्रेक्षेत पायाच्या अंगठ्यापासून मस्तकापर्यंत एकेका अवयवावर चित्त नेऊन तेथील स्पंदन, उष्णता, ताठरपणा, वेदना जशी असेल तशी पाहायची असते. आवड-नावड मिसळायची नसते. वुस्टरच्या वर्गातील शरीरनिरीक्षणाशी तिचे साम्य कोणाच्याही ध्यानी येईल. साधनेचे अंतिम ध्येय मात्र निराळे आहे. प्रेक्षेचे ध्येय आत्मशुद्धी आहे, कंबर नव्हे. कंबरेच्या निमित्ताने साधक त्या दाराशी पोहोचला, तर परंपरेने त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. दाराशीच थांबू नये, एवढेच.

दिवसाकाठी अर्धा तास

आरंभ करणाऱ्यासाठी साधी रीत अशी. पहाटे किंवा दुकान बंद केल्यावर शांत खोलीत सतरंजीवर उताणे पडावे. गुडघ्यांखाली उशी अथवा गुंडाळलेली चादर ठेवावी, म्हणजे कंबरेवरील ताण कमी होतो. आडवे होणे त्रासाचे असल्यास पाठीला आधार असलेल्या खुर्चीवर, पाय जमिनीवर टेकवून बसावे. पहिली पाच मिनिटे श्वास जसा येतो-जातो तसा पाहावा. तो दीर्घ करण्याचा आटापिटा करू नये. नंतर डाव्या पायाच्या बोटांपासून सुरुवात करून घोटा, पोटरी, गुडघा, मांडी असे क्रमाने वर यावे, तसेच उजव्या पायाने. कंबरेपाशी आल्यावर घाईने पुढे सरकू नये. वेदना नेमकी कोठे आहे, तिची कड कोठे संपते, ती ठणकते की जळते, स्थिर आहे की कमी-अधिक होते, हे तटस्थपणे पाहावे. बहुतेकांना येथे प्रथमच उमगते की, ‘सगळी पाठ दुखते’ हा सरसकट निवाडा होता; प्रत्यक्ष वेदना तळहाताएवढ्या जागेत आहे आणि तीही क्षणोक्षणी बदलते.

वेदना फार वाढली तर चित्त श्वासावर किंवा न दुखणाऱ्या एखाद्या अवयवावर आणावे, कूस बदलावी. सहनशक्तीची परीक्षा घेणे हा येथे हेतू नाही. मन भटकणारच, ते भटकल्याचे कळणे हाच अभ्यास आहे. प्रारंभी दहा मिनिटे, महिन्याभरात अर्ध्या तासापर्यंत जावे. पुढे ४८ मिनिटांच्या सामायिकातच हा अभ्यास सामावून घेता येतो.

त्याला चालण्याची जोड हवी. एकटे ध्यान पुरेसे नाही. मालवणच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या मधली घट्ट वाळू सकाळी चालण्यास उत्तम असते. गादीवर बसणाऱ्याने दर अर्ध्या-पाऊण तासाने उठावे, गिऱ्हाईकाला माल स्वतः दाखवावा. पोते उचलण्याचा मान तरुणांना द्यावा. आणि कमरेचा पट्टा ही कायमची सोय समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शनात दीर्घकालीन कंबरदुखीत पट्ट्यांचा नित्य वापर न करण्याचाच सल्ला दिला आहे.

जेथे थांबू नये

काही लक्षणे दिसली तर ध्यानाला न बसता तत्काळ डॉक्टर गाठावा. लघवी किंवा शौचावरील ताबा जाणे, जांघेच्या आतील भागात बधिरता, पायातील शक्ती कमी होणे, ताप, विनाकारण वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारी वेदना, पूर्वी कर्करोग झालेला असणे, वयस्कर व्यक्तीचे पडणे, ही ती लक्षणे होत. आपल्या देशात मणक्याचा क्षयरोग अजूनही आढळतो आणि उतारवयातील स्त्रियांत हाडे ठिसूळ होऊन मणका चेपू शकतो. यांवर उपचार आहेत आणि ते वेळेवर झाले पाहिजेत.

जैन घरांसाठी एक सूचना विशेष महत्त्वाची आहे. पाठदुखीवरील अनेक नेहमीच्या गोळ्या जठराच्या अस्तराला इजा करतात आणि शरीरात पाणी कमी असताना मूत्रपिंडांवर भार टाकतात. पर्युषणात, दशलक्षण पर्वात किंवा वर्षीतपात, उपाशीपोटी आणि पाणी बंद असताना अशी गोळी घेणे धोक्याचे असते. मधुमेह, रक्तदाब अथवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना हा धोका अधिक. पुष्कळ ज्येष्ठ व्यक्ती तपाची गोष्ट डॉक्टरांपासून आणि गोळीची गोष्ट घरच्यांपासून लपवतात. व्रत ठरवण्यापूर्वी दोन्ही गोष्टी डॉक्टरांना आणि गुरुमहाराजांना मोकळेपणाने सांगाव्यात. अहिंसेचे व्रत स्वतःच्या देहालाही लागू आहे.

दीर्घकालीन पाठदुखी घरातील एकाच व्यक्तीला होते, पण तिचा भार सर्वांवर पडतो. दुखणाऱ्या माणसाचा स्वभाव चिडका होतो, मुले दूर राहतात, सुनेला तक्रार ऐकावी लागते, भागीदाराला जास्त बसावे लागते. ध्यानाचा पहिला लाभ पुष्कळदा येथेच दिसतो. कंबरेची कळ तेवढीच असते, परंतु तिच्यामागोमाग तोंडी येणारा कठोर शब्द अडतो. कषाय मंद झाल्याची ती खूण आहे. दुखणे किती उतरले हे मोजण्याआधी घरातील माणसांनी ही खूण पाहावी. आणि ती दिसली, तर दुसऱ्या दिवशी पहाटे सतरंजी पुन्हा अंथरून द्यावी.